बा अल्लालची एकच चूक

सफ्रू, ८ एप्रिल २००९

हनिया,

तुझ्या घरी सगळे खुशाल आहेत असं धरून चालते. तीन वर्षांपूर्वी मी विधवा झाले तेव्हा लिहिलं होतं, त्याला तुझं उत्तर आलं नाही. या वेळी यावं अशी इच्छा आहे, कारण काम माझं नाही. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, हे दोनदा पाहिलं.

आपला भट्टीवाला बा अल्लाल शनिवारी गेला. ब्याण्णव वर्षांचा होता. दाराशी उन्हात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या बायकोने, गल्लीच्या मावशीने, आपल्या खाल्ती रकियाने सोलून दिलेलं संत्रं अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धं मांजरीपुढे धरलं. मांजरीने तोंड फिरवलं. ‘बायको, तुझ्यापेक्षा हिला चव जास्त कळते,’ म्हणाला आणि मान टाकली. आंबट होतं की नाही हे बघायला रकियाने ते अर्धं नंतर खाऊन पाहिलं, असं ती स्वतःच सांगते. आंबट होतं.

अकराव्या वर्षी तो रोट्या भाजायला भट्टीपुढच्या खड्ड्यात उतरला, तो चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी साफ नकार दिल्यावर वर आला. आता पुतण्या भट्टी चालवतो. बरा मुलगा आहे, पण त्याला रोट्यांवर खुणा लागतात. बा अल्लालला कधी लागल्या नाहीत. साठ घरांच्या कच्च्या रोट्यांच्या फळ्या रोज सकाळी भाजायला पुढ्यात यायच्या. कुणी काट्याने टोचून द्यायचं, कुणी किल्लीचा ठसा उठवायचं, आणि तो फडकं उचलून बघता बघता म्हणायचा, ‘खूण पोलिसांना लागते. मला हात दिसतो.’ एखाद्या घरच्या रोटीत मीठ दुप्पट पडलं की त्या घरच्या धन्याला रस्त्यात अडवायचा आणि सांगायचा, ‘आज जाताना काहीतरी गोड घेऊन जा, आणि तोंड उघडण्याआधी ते पुढे कर.’ सुनेने तिंबलेली कणीक एकाएकी जड यायला लागली की घरात पाळणा हलणार हे त्याला सासूच्या आधी कळायचं. प्रत्येक लग्नात तो गायचा. गाणं त्याला येत नव्हतं, पण त्याला थांबवणार कोण?

अंत्ययात्रा मी गच्चीवरून पाहिली. दुकानं बंद होती. नदीवरच्या पुलावर खांदा बदलायला इतकी माणसं पुढे झाली की जनाजा बराच वेळ जागच्या जागी उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी कुसकुसचं जेवण झालं. बायका जमल्या की त्याची एकच चूक निघते, तशी ती निघाली. तुला ती माहीत आहे, पण शेजारच्या सफियाने कशी सांगितली ते लिहिते, कारण एक्केचाळीस वर्षांत तिला बराच मसाला लागला आहे.

‘ऐका गं,’ सफिया म्हणाली, ‘मास्तर तहामीला आईपुढे मुलीचं नाव घ्यायची लाज वाटली. घेणार तरी कसं? म्हणाला, अमुक घरातली, जिच्या रोटीला बडीशेपेचा वास येतो ती. आई लल्ला यामना बिचारी तडक भट्टीवर. अल्लाल, ही बडीशेपेची रोटी कुणाच्या हातची? आणि आमचा बा अल्लाल, डोळ्यांत धूर गेलेला, म्हणतो काय, थोरलीच्या, बतूलच्या. झालं! सोयरीक पक्की, फातिहा पढून मोकळे! आणि बडीशेप घालायची कोण? धाकटी!’

सगळ्या हसल्या. माझ्याकडे बघूनही हसल्या, कारण तहामीशी माझा संसार अडतीस वर्षं झाला आणि इतक्या जुन्या गोष्टीचं कुणाला काय वाटायचंय.

आता काम सांगते. खाल्ती रकिया पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसली आहे आणि येईल त्याला विचारते, ‘माझ्या माणसाला माफ केलंस ना?’ लोक म्हणतात, ‘केलं, त्यानंही आम्हाला करावं.’ रीतच आहे. पण तिने गल्लीतलं एकेक दार आठवून पाहिलं आणि तिच्या हिशेबी एकच माणूस त्याच्यावर रागावून गेलेलं आहे. माझं लग्न ठरल्यावर तू फळी भट्टीच्या तोंडावर आपटलीस आणि ‘तुझे डोळे जळले’ म्हणालीस, ते तिला शब्दन् शब्द आठवतं. मला म्हणाली, ‘तू लिही. चाळिसाव्याच्या आत तिची माफी आली पाहिजे, नाहीतर माझा माणूस तिकडे अवघडून बसेल.’

चाळिसावा १४ मेला आहे. दोन ओळी पुरेत. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

बतूल


सफ्रू, २४ एप्रिल

हनिया,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातली एक टपालाच्या तिकिटाबद्दल. उरलेल्या तीन पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल. ‘साठ घरांच्या रोट्या ओळखणाऱ्याला त्या एकाच दिवशी एक ओळखता आली नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. चूक असती तर कधीच माफ केली असती. तो जाणूनबुजून खोटं बोलला, आणि का ते कळल्याशिवाय माफी नाही.’

मी ते रकियाला वाचून दाखवलेलं नाही. टपाल आलं नाही असं सांगितलं. ती म्हणाली, ‘माझ्या बहिणीचा मुलगा थेट परदेशातून, लिएजहून, दोन दिवसांत गाडी हाकत येतो. कागदाला काय झालं?’ रोज दुपारी मी तिच्याकडे जाते, रोज ती आधी माझ्या हातांकडे बघते. म्हातारी बारीक झाली आहे. जेवते, पण चाळिसाव्याचे दिवस बोटांवर मोजत जेवते.

मला वाटतं, तू उगाच खोलात जातेस. माणूस म्हटला की चुकतो. भट्टीत धूर असतो, लल्ला यामनासारखी बाई समोर कमरेवर हात ठेवून उभी असते, फळीवर आपल्या एकाच घरच्या सात रोट्या असतात. त्यातल्या दोन बहिणींच्या हातात फरक तो किती? एका आईनेच दोघींना शिकवलं.

तुला माहीत नसेल असं एक सांगते. तू गेल्यावर आपल्या गल्लीत नवीनच म्हण रुजली. कुणाचं काही चुकलं, कुणी दुसऱ्याच्या चपला घालून मशिदीतून आला, की लोक विचारतात, ‘बडीशेप खाल्लीस का?’ न्हाव्याने कुणाचा कल्ला वरखाली कापला तरी तेच. बा अल्लालच्या तोंडावर म्हणायचे. आणि सगळ्यांत आधी तोच हसायचा. पोट धरून हसायचा, ‘अरे त्र्याहत्तर वर्षांत एक! तुझ्या रोज किती होतात?’ म्हणायचा. मी समोर असले तर जरा जास्तच मोठ्याने हसायचा.

आणि दर उन्हाळ्यात परदेशातल्या गाड्या टपावर गाद्या आणि सायकली बांधून आल्या की तो पुलापर्यंत चालत जायचा. येणाऱ्याला विचारायचा, ‘हनियाची गाडी पाहिलीत का वाटेत?’ लोकांना गंमत वाटायची. त्याला गाड्यांचे रंग ओळखू येईनात तेव्हाही जायचा. तू चार वेळा आलीस मोरोक्कोला, आणि चारही वेळा नवऱ्याच्या गावी राहून परतलीस, हे त्याला मीच कधीतरी सांगितलं. ‘बरोबर आहे तिचं,’ म्हणाला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेला.

हे तुला विरघळवायला लिहिते आहे, हे तू ओळखशीलच. मला त्याची लाज नाही. म्हातारीसाठी दोन ओळी लिहून टाक. का आणि कसं ते मेलेल्या माणसाबरोबर जाऊ दे.

बतूल


सफ्रू, २९ एप्रिल

हनिया,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे. ते पत्र टाकून मी रकियाकडे गेले होते. तिने नेहमीप्रमाणे माझे हात पाहिले आणि म्हणाली, ‘बतूल, तो रागावलेल्या माणसापुढे कधी जेवला नाही. आधी हसवायचा, मग घास घ्यायचा. एवढी एकच राहिली.’ मी घरी आले, कणीक तिंबायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. झाकून ठेवलेलं आता सांगते. हे पत्र जलद टपालाने टाकते आहे.

तुझं बरोबर आहे. त्याची चूक झालेली नव्हती.

लल्ला यामना मुलगी शोधते आहे, हे मला हमामात, बायकांच्या न्हाणीघरात, पाणी देणाऱ्या बाईकडून कळलं होतं. बडीशेपेची गोष्टही तिच्याकडूनच कळली, कारण यामनाने हमामात येऊन आपल्या दोघींची चौकशी केली होती. ती शुक्रवारी भट्टीवर विचारणार होती. मी सत्तावीस वर्षांची होते. माझ्यासाठी त्याआधी तीन घरं आली होती आणि तीनही चहा पिऊन गेली होती. तू विशीची, आणि तू गेलीस की मागे कोण राहणार हे मला माहीत होतं. मी हे सबब म्हणून सांगत नाही. घडलं त्या क्रमाने सांगते.

शुक्रवारी मी फळी स्वतः डोक्यावर घेतली. तुला म्हटलं, आज तू ऊन खा. भट्टीवर दुसरं कुणी नव्हतं. मी बा अल्लालला म्हटलं, ‘आज कुणी विचारलं तर बडीशेपेची रोटी माझी.’

त्याने फडकं उचललं. रोट्यांकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं. ‘पोरी, तुझी रोटी घट्ट असते. तू कणकेशी भांडतेस. ही तर कुणीतरी गुणगुणत केलेली आहे.’

मी म्हटलं, ‘यामना तिच्या मुलासाठी विचारायला येणार आहे. त्याने दोघींपैकी कुणालाच पाहिलेलं नाही. धाकटीला उद्या दहा येतील. मला आता कुणी येणार नाही, बा अल्लाल. तू मरेपर्यंत माझीच फळी उचलशील.’

तो बराच वेळ लांब दांड्याच्या उलथण्याने आतल्या रोट्या फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘त्यानं पाहिलेलं नाही ना? नक्की?’

मी म्हटलं, ‘नक्की.’

हनिया, ते खोटं होतं. तू गच्चीवर कपडे वाळत घालताना तो शाळेच्या खिडकीत उभा असायचा, हे मी अख्खा हिवाळा पाहिलं होतं. तू एकच चादर तीनदा झटकायचीस. मला सगळं माहीत होतं. बा अल्लालला काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, दोन मुली, कुणालाच न पाहिलेलं एक स्थळ, थोरलीचं आधी होईल, कुणाचं काय जातंय? तो एका थकलेल्या मुलीचं भलं करायला खोटं बोलला. मी कशासाठी बोलले ते तू जाण.

तहामीला मौलवींच्या तोंडून नाव ऐकू आलं तेव्हा दोन्ही घरचे पुरुष हात पसरून फातिहा पढत होते. तेव्हा उठायचं म्हणजे आपल्या अब्बांची अब्रू चव्हाट्यावर. तो उठला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा समोर आला तेव्हा त्याने मला सलाम केला आणि प्रवासाने दमलीस का असं विचारलं. मी चार घरं ओलांडून आले होते. अडतीस वर्षं तो माझ्याशी असाच अदबीने वागला. बडीशेप माझ्या घरात कधी आली नाही, आणि त्याने कधी मागितली नाही.

तू फळी आपटलीस त्या दिवशी बा अल्लालला कळलं. तू रडत होतीस, आणि नुसतं स्थळ हुकलं म्हणून कुणी तसं रडत नाही. बायका जमल्या होत्या. तो तुझ्यापुढे हात जोडून हसला आणि म्हणाला, ‘होय गं माझे आई, धुरानं घात केला.’ दुसऱ्या दिवशी मी फळी घेऊन गेले. त्याने वर न बघता विचारलं, ‘तुला ठाऊक होतं?’

‘होतं,’ मी म्हटलं.

‘मग आता दोघांनी गप्प बसायचं. बोललो तर तुझं घर मोडेल, आणि तिचं काही जुळणार नाही. मी हसून गप्प बसेन. तू कसं बसायचं ते तू बघ.’

त्यानंतर एक्केचाळीस वर्षांत त्याने तो विषय काढला नाही. सगळ्या गावाने त्याच्या धंद्यातली एकमेव चूक म्हणून ती पिढ्यान्पिढ्या सांगितली, ज्या धंद्यात त्याची एकही चूक नव्हती. आणि मी प्रत्येक वेळी तिथे बसून ऐकली.

तुला ‘का’ हवं होतं, ते हे. आता त्याला माफ कर. रकियाला थेट लिही, तिच्याच नावावर. दिवस थोडे आहेत. गल्लीत मी अजून काही बोललेले नाही.

बतूल


सफ्रू, १५ मे

हनिया,

काल चाळिसावा झाला. तुझं पत्र बुधवारी संध्याकाळी आलं, रकियाच्या नावावर. तिने ते उघडू दिलं नाही, रात्रभर छातीशी ठेवलं. ‘उद्या सगळ्यांसमोर,’ म्हणाली. मी म्हटलं, आधी मी एकदा नजर टाकते, अक्षर लागत नसेल तर. ती म्हणाली, ‘हनियाचं अक्षर तुला लागेल.’

पुरुष बाहेरच्या खोलीत कुराण पढत होते. आत आम्ही अकरा बायका होतो. कुसकुसची परात मध्ये, आणि ती वाढायच्या आधी रकियाने पाकीट माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला. वाचता वाचता गाळायचं ठरवलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. मोठ्याने वाचणाऱ्याला ते जमतं. मी गल्लीची पत्रं वाचत आले आहे, आणि लोकांच्या भल्यासाठी बरंच गाळलं आहे.

पहिला भाग वाचला. ‘खाल्ती रकिया, मी बा अल्लालला माफ केलं, मनात काहीही न ठेवता. त्याने चूक केली नव्हती हे मला आता कळलं. मी त्याच्या भट्टीवर फळी आपटली आणि त्याच्या डोळ्यांना शिव्या दिल्या, त्याची माफी मला तुझ्याकडून हवी आहे, कारण त्याच्याकडून मागायला मी उशीर केला.’ रकियाने डोळे मिटून घेतले. सफिया पुढे झुकून म्हणाली, ‘चूक केली नव्हती म्हणजे? मग कुणी केली?’

पुढच्या ओळी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी थांबले. रकियाने डोळे न उघडता म्हटलं, ‘वाच.’

‘एवढंच आहे,’ मी म्हटलं.

‘कागद लांब आहे, बतूल. मला वाचता येत नाही, दिसतं.’

मग मी वाचलं. सगळं, जसं लिहिलंस तसं, गच्ची आणि चादर आणि शुक्रवार. आवाज बरा लागला. कुसकुसवरची वाफ निघून गेली तरी कुणी हात घातला नाही. सफिया माझ्याकडे बघेना. इतकी वर्षं ती गोष्ट मसाला लावून मला ऐकवली, याचंच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असावं.

रकिया म्हणाली, ‘मला त्यानं तुझ्या लग्नाच्याच वर्षी सांगितलं होतं. त्याच्या पोटात माझ्यापासून काही राहायचं नाही.’

मी विचारलं, ‘मग मला का लिहायला लावलं? गल्लीत इतकी शिकलेली पोरं आहेत.’

‘आहेत की,’ ती म्हणाली. ‘पण त्यांच्याकडे काही सांगायला नव्हतं. मी त्याच्यासाठी माफी मागत होते ती त्या खोट्यासाठी. तुझं तू बघायचं होतं. त्यानं तुला एक्केचाळीस वर्षं वेळ दिला, मला चाळीस दिवसांत उरकायचं होतं.’ आणि मग तिने परातीला हात लावला, ‘जेवा गं, गार होतंय,’ म्हणाली. सगळ्या जेवल्या. मीही जेवले. माझ्या पुढ्यात मांसाचा तुकडा तिने स्वतः सारला.

सगळं वाचलं असं मी लिहिलं, ते खरं नाही. शेवटची ओळ वाचायची राहिली होती. जेवण झाल्यावर, बायका हात धूत असताना, ती मी रकियाच्या कानाशी वाचली. ‘बतूलला मी माफ केलेलं नाही. तिने तीन पत्रं लिहिली, त्यात प्रत्येक वेळी बा अल्लालसाठी माफी मागितली. स्वतःसाठी एकदाही मागितली नाही.’

मी घरी येऊन तिन्ही पत्रं आठवून पाहिली. लिहिलेलं मला बरंच पाठ राहतं. माझं वय सांगितलं होतं, तीन घरं चहा पिऊन गेल्याचं सांगितलं होतं, तहामीच्या अदबीचंही रडगाणं गायलं होतं. तू म्हणतेस ते त्यात नाही. लिहिताना ते माझ्या मनातही आलं नव्हतं, ही त्याहून वाईट गोष्ट.

तहामी तुझा होता. मला ते माहीत होतं आणि मी तो घेतला. हनिया, मला माफ कर.

बतूल